पावणेचार फूट

१

चोरीला गेली ती एक शंभर पानी वही. रेघांची, कव्हरावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेली. भंगारवाल्यानंही ती हातात घेऊन परत दिली असती. पण भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज असा होता, की मामांना वाटलं घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं.

"मामा, वही नाही. कालपासून नाही. सगळं घर पालथं घातलं."

"कुठली वही?"

"उंचीची."

मामा चपला शोधू लागले. उंचीचं नाव काढल्यावर त्यांना घरात बसवून ठेवणं कुणाला जमलं नसतं. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची ती खोड गेली नव्हती. लग्नाला गेले तरी आहेर देण्याआधी हॉलची लांबी पावलांनी मोजून यायचे. नात्यागोत्यात सगळे त्यांना मोजणीमामाच म्हणत, आणि त्यांना त्याचा राग येत नसे.

वहीचं महत्त्व त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाचीचे आजोबा फोटोग्राफर होते. शहाहत्तर वर्षांपूर्वी नगरपालिकेनं त्यांना शहराची छत्तीस दृश्यं टिपायचं काम दिलं होतं, तेव्हाच्या पद्धतीनं, काचेच्या प्लेटांवर. भाचीही फोटोग्राफरच. गेली तीन वर्षं ती आजोबांचा एकेक फोटो घेऊन ते जिथं उभे होते नेमकं तिथंच उभं राहून तोच फोटो पुन्हा काढत होती. जुन्या फोटोत दिव्याचा खांब मागच्या खिडकीला जिथं झाकतो, तिथंच आजही झाकला पाहिजे. पाऊलभर सरकलं की सगळं मुसळ केरात. जागा सापडली की कॅमेरा वरखाली करत उंची जुळवायची आणि ती या वहीत लिहायची.

येत्या रविवारी त्या छत्तीस जागांवर लोखंडी खांब उभे राहायचे होते. प्रत्येक खांबाला एक भोक, भोकात काच, काचेवर जुन्या शहराच्या रेषा कोरलेल्या. डोळा लावला की समोरच्या आजच्या इमारतींवर आजोबांचं शहर बरोबर बसायचं. उंची चुकली तर जुनी घरं हवेत तरंगायची. रस्ता खणायची परवानगी त्या एकाच दिवसाची होती, आणि खांबांना भोकं पाडायची म्हणजे उंची उद्या सकाळपर्यंत हातात हवी होती.

"तीन वर्षं गं," मामा दारातून आत येता येता म्हणाले, "तीन वर्षांचं काम एका वहीत ठेवलंस?"

"तेवढंच असतं तर बरं होतं," भाची म्हणाली. "आजोबांच्या पेटीतली एक काचही गेलीये."

२

भाचीचं काम चालायचं ते तिच्या आत्याच्या घरी, पुढच्या खोलीत. आत्या म्हणजे त्याच फोटोग्राफर आजोबांची मुलगी. वय पंच्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं मोजकं. चाळीस वर्षं तिनं इस्पितळात एक्स-रे काढले होते आणि माणसांकडे ती अजूनही आरपार पाहत असल्यासारखी पाही. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला तिनंच शिकवलं, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलीला हे घर मोकळं करून दिलं.

"या मामा," आत्या म्हणाली. "पोरीनं तुम्हाला उगाच पळवलं. सापडेल कुठेतरी." आणि चहा टाकायला आत गेली.

मामांनी खोलीच्या मध्यावर उभं राहून चहूकडे नजर फिरवली. टेबलावर महागडा कॅमेरा जिथल्या तिथं. लॅपटॉप उघडा. भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्याला छत्तीस लाल टाचण्या. कशालाही हात लागलेला नव्हता.

खिडकीखाली आजोबांची लाकडी पेटी होती. आत छत्तीस खाचा, प्रत्येक खाचेत काळ्या कागदात गुंडाळलेली काच, आणि मधली एक खाच रिकामी.

"कितव्या नंबरची गेली?"

"तेच कळत नाही. वर नंबर नाहीत. मी अजून एकही उघडली नव्हती. जागा शोधायला अल्बममधले छापील फोटो पुरायचे. काचा उद्या संग्रहालयात स्कॅन व्हायच्या होत्या."

दोघांनी हात धुऊन एकेक काच उघडायला घेतली. कागद इतका जुना, की पहिल्याच घडीला कड्कन मोडला. दुसऱ्याचंही तेच झालं. मामांनी चष्मा पुसून काच उजेडात धरली. फोटोच्या बाहेर, अगदी कडेला, सुईनं कोरलेली बारीक तारीख होती.

"आजोबांची सवय," भाची म्हणाली. "छापताना ही कड कापली जायची, म्हणून अल्बममध्ये तारखा नाहीत."

दुपार होईतो पस्तीस काचा टेबलावर रांगेत लागल्या. अल्बमशी ताडून पाहिल्या. गेली होती ती छत्तिसावी, शेवटची, जुन्या पुलावरून घेतलेली. पस्तिसावीवर तारीख होती अकरा नोव्हेंबर.

"छत्तिसाव्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे," भाची म्हणाली. "तो काढला आणि आठवड्याच्या आत आजोबा गेले. वीस नोव्हेंबरला. काम पुरं करूनच डोळे मिटले म्हणतात."

मामांचं लक्ष मात्र मोडलेल्या कागदांच्या ढिगाकडे होतं.

"बयो, हे कागद आपण मोडले. आपल्या आधी एकही उघडलेला नव्हता. पेटीत काचा क्रमानंही लावलेल्या नाहीत. मग न्यायला आलेल्या माणसानं छत्तिसांतली एक, न उघडता, बरोब्बर उचलली कशी?"

३

काल, बुधवारी दुपारी घरात तीन माणसं येऊन गेली होती. संग्रहालयाच्या बाई, दाढीवाला फोटोग्राफर आणि खांब बनवणारा वेल्डर. मधे तासभर भाची गच्चीवर फोनला चिकटलेली होती.

दाढीवाल्यावर तिचा दाट संशय होता. हे काम आपल्याला मिळावं म्हणून त्यानं जंग जंग पछाडलं होतं, आणि न मिळाल्यावर वर्षभर तोंड फिरवून बसला होता. तो काल अभिनंदन करायला आला, हेच तिला खटकत होतं.

मामा त्याच्या दुकानात गेले तेव्हा तो एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होता. बाळ भोकाड पसरत होतं आणि दाढीवाला खुळखुळा वाजवून घामाघूम झाला होता.

"मी चोर?" तो म्हणाला. "काका, मला तिचं काम बुडवायचं असतं तर भिंतीवरचा नकाशा फाडून नेला असता. नाहीतर कॅमेऱ्यातलं कार्ड. नुसती उंची घेऊन मी काय त्याचं लोणचं घालू? जागा माहीत असल्या की उंची पुन्हा मोजता येते. चार-सहा महिने जातील, एवढंच." मग जरा ओशाळून म्हणाला, "जळलो होतो, नाही म्हणत नाही. पण तिचे फोटो पाहिले आणि गप्प बसलो. मला नसतं जमलं."

मामांना ते पटलं. जळणारा माणूस एवढं सरळ सांगतो तेव्हा त्याचं जळणं संपलेलं असतं.

संग्रहालयाच्या बाई त्याहून तडकल्या. "ती काच उद्या सकाळी सही-शिक्क्यानिशी माझ्याच टेबलावर येणार होती. ती मी काल पदराखाली दडवून नेऊ? डोकं फिरलंय का माझं?"

पण माणूस चांगला वाटला की बाईंना कागद दाखवल्यावाचून राहवत नसे. त्यांनी नगरपालिकेचा जुना करार मामांपुढे ठेवला. छत्तीसही फोटो एकाच फोटोग्राफरनं काढलेले हवेत, एकही दुसऱ्याच्या हातचा आढळल्यास काम रद्द, आणि अल्बमवर त्याचं नाव येणार नाही.

"कडक होते हो लोक," मामा म्हणाले.

"अल्बम पोचवायला मात्र ते स्वतः आले नाहीत. त्यांच्या पत्नीनं आणून दिला, डिसेंबरात. इथं पोच आहे. नवरा गेल्यावर महिन्याच्या आत बाई पेटी घेऊन आली, म्हणजे बघा."

मामांनी पोच वाचली, मान हलवली आणि वेल्डरकडे निघाले. तीन संशयितांमधले दोन गळाले होते. उरलेला तिसरा त्यांना पाहताच हातातलं काम टाकून उठला आणि म्हणाला, "बरं झालं तुम्ही आलात. मला त्या वहीबद्दल विचारायचंच होतं."

४

वेल्डर बोलका गडी होता. बोलताना चेहऱ्यावरचा काळा मुखवटा वर-खाली करायची त्याला सवय होती, त्यामुळे अर्धी वाक्यं मुखवट्याआडून यायची.

"काल पाचला गेलो. ते दाढीवाले आणि संग्रहालयाच्या बाई दोघं जिना उतरून चालले होते. ताई वर फोनवर. वही टेबलावर होती, म्हणून म्हटलं आपणच उंची उतरवून घ्यावी. सत्तावीस उतरवल्या. सगळ्या सव्वापाच फूट, एखादा इंच इकडेतिकडे. मग अठ्ठाविसावी बघतो तर एकदम खाली! पुढच्याही खालीच. मी थांबलो. म्हटलं, ताईंची लिहिण्यात चूक झाली असणार. लोखंडाला एकदा भोक पाडलं की बुजवता येत नाही."

"किती खाली?"

"आकडा नाही आठवत. पण मोठ्या माणसाला वाकावं लागेल इतकं. मी आपला मोठ्यानं हसलो आणि म्हटलं, हे आठ खांब काय बालवाडीसाठी आहेत का?"

"कुणाला म्हटलंस?"

"खोलीत कोण होतं? आजीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनाच."

"त्या हसल्या?"

वेल्डरनं मुखवटा वर केला. "नाही हो. त्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. मला वाटलं, मी काही वावगं बोललो. चहा घेतला आणि निघालो. वही तिथंच होती, देवाशपथ."

मामा एका अर्धवट खांबाला हात लावून उभे राहिले. पाच वाजता बाकीचे दोघं गेलेले. त्यानंतर वही टेबलावर. भाची गच्चीवर. इस्पितळात चाळीस वर्षं प्लेटा हाताळलेली, ही पेटी लहानपणापासून घरात पाहिलेली एकच व्यक्ती त्या घरात होती.

ती त्यांना सकाळी म्हणाली होती, सापडेल कुठेतरी. मामांना मनापासून वाईट वाटलं. आत्याबाईंबद्दल त्यांना फार आदर होता. पण चोर सापडला म्हणून कोडं सुटत नाही. स्वतःच्या भाचीचं तीन वर्षांचं काम तिनं बुडवावं, ते कशासाठी?

५

मामा परत आले ते थेट लॅपटॉपसमोर बसले. आत्या आतल्या खोलीत पडली होती.

"बयो, अठ्ठाविसाव्यापासून कॅमेरा खाली का आला, याचा विचार केला होतास?"

"केला ना. वाटलं, तिपाईचा पाय मोडला असेल. किंवा आजारपणात मोठी तिपाई झेपत नसेल, आखूड घेतली असेल. त्यात काय एवढं?"

"तू फोटोग्राफर. तुला सगळीकडे तिपाईच दिसणार. अल्बममधला अठ्ठाविसावा काढ."

पडद्यावर बाजाराचा सरळ रस्ता आला. मामांनी पट्टी काढली. रस्त्याच्या दोन्ही कडा आणि घरांच्या ओळी लांबवर जिथं एका ठिपक्यात मिळतात, तिथून त्यांनी पडद्यावर आडवी पट्टी धरली.

"सपाट रस्त्यावर ही रेघ जवळच्या-लांबच्या प्रत्येक माणसाला एकाच उंचीवर कापते. ती उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. आम्ही आयुष्यभर हेच केलं. सत्ताविसावा बघ. रेघ सगळ्यांच्या डोळ्यांतून जाते. आता अठ्ठाविसावा. छातीतून जाते. हा दरवाजा अजून उभा आहे ना? त्याची उंची माहीत आहे?"

"सात फूट."

मामांनी त्रैराशिक मांडलं. मग एकोणतिसावा, तिसावा. आठही फोटो झाले. वही चोरून काहीच उपयोग झाला नव्हता. आकडे शहाहत्तर वर्षं त्या फोटोंत बसून होते. आठही ठिकाणी उत्तर एकच आलं, पावणेचार फूट.

"तिपाई मोडली असती तर दोन दिवसांत दुरुस्त झाली असती," मामा म्हणाले. "काचांवरच्या तारखा बघ, हे आठ फोटो चार महिन्यांचे आहेत. कॅमेरा तिपाईच्या उंचीवर नसतो, बयो. तो बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. मागच्या काचेत बघितल्याशिवाय फोटो निघत नाही. तुझ्या आजोबांचे डोळे सव्वापाच फुटांवर होते. पावणेचार फुटांवर डोळे असलेलं त्या घरात कोण होतं?"

भाचीनं मनात हिशेब केला. तिचे वडील तेव्हा दोन वर्षांचे. आजी मोठी बाई.

तिची नजर आतल्या खोलीकडे वळली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नऊ वर्षांची मी," आत्या म्हणाली. तिच्या हातात ती वही होती.

६

आत्या खुर्चीत बसली. वही तिनं टेबलावर ठेवली आणि भाचीकडे न बघता बोलू लागली.

"बाबांचे डोळे जात चालले होते. मोतीबिंदू नव्हे, वेगळंच काहीतरी. आधी कडा गेल्या, मग मधलं. नगरपालिकेला कळलं असतं तर काम गेलं असतं. मग त्यांनी मला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं. काचेत सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. मी बघून सांगायची, ते रसायनांनी सुरकुतलेल्या बोटांनी भिंग फिरवायचे. मी म्हणायची, आता स्वच्छ. ते म्हणायचे, नक्की? फोटो माझ्या डोळ्यांचा, हात त्यांचे. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं."

"आत्या, अगं मला तरी..." भाची म्हणाली. "मी खांब रद्द करायला निघाले होते. कालपासून घास उतरला नाही."

"दिसत होतं मला. लाज वाटत होती. पण त्या वेल्डरनं चेष्टेत ओळखलं, तर रविवारी सगळं गाव ओळखणार. म्हणणार, फोटोग्राफर आंधळा होता, फसवून नाव लावलं. बाबांना तसं म्हटलेलं मला ऐकवणार नाही."

मामा थोडे पुढे सरकले. "आत्याबाई, एक विचारू? तुमच्या घरी स्टूल होतं?"

"होतं की. दीड फुटाचं."

"मग तुम्हाला त्यावर उभं करून कॅमेरा सव्वापाचला ठेवता आला असता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. उंचीनं चोरी उघडी पडते, हे एवढ्या मुरलेल्या फोटोग्राफरला माहीत नव्हतं? त्यांनी आठही वेळा तिपाई खाली घेतली. त्यांना लपवायचं होतं ते नगरपालिकेपासून, तेवढ्या दिवसांपुरतं. कायमचं लपवायचं असतं तर स्टूल घेतलं असतं. कुणीतरी पुढेमागे नेमकं तिथं उभं राहील आणि त्याला तुम्ही दिसाल, याची सोय ते करून गेलेत."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. पंच्याऐंशी वर्षांची ती ताठ बाई लहान मुलीसारखी रडली, आणि भाची तिच्या गुडघ्यापाशी जाऊन बसली.

"मी स्टूल मागितलं होतं," आत्या शेवटी म्हणाली. "पाय दुखायचे. म्हणाले, नको, तुला जसं दिसतं तसंच घे. मला वाटलं, मी पडेन म्हणून नको म्हणतात."

मामांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. "एकच गाठ सुटत नाही. छत्तिसावा फोटो पुन्हा सव्वापाचवर आहे. म्हणजे तो त्यांचा. मग तीच काच कशाला लपवलीत?"

"तुमची मोजणी इथं चुकली, मामा."

आत्या उठली, कपाटातून काळ्या कागदातली काच काढली आणि खिडकीपाशी नेली. कडेला कोरलेली तारीख नातीच्या वयाच्या भाचीला लगेच वाचता आली. एक डिसेंबर.

"आजोबा वीस नोव्हेंबरला..." भाची थांबली.

"अकरा दिवस झाले होते. पस्तीस तयार, एक कमी. एक कमी म्हणजे करार रद्द, काम दुसऱ्याला, आणि बाबांचं नाव कुठेच नाही. तो फोटो मी एकटीनं काढला. तो बाबांचा दिसायला हवा होता, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा स्टुलावर चढले. तारीख सवयीनं कोरली गेली. ही काच पेटीत कुठल्या खाचेत बसवली ते मला झोपेतही सांगता आलं असतं."

"नऊ वर्षांची पोर, एकटी, पुलावर? एवढी तिपाई तू उचललीस कशी?"

"मी नाही उचलली. आईनं उचलली." आत्याचा आवाज अगदी साधा होता. "दोन वर्षांच्या भावाला शेजारी ठेवलं आणि निघाली. अकरा दिवस घरातून बाहेर पडली नव्हती. पुलावर वारा होता, स्टूल डुगडुगत होतं, तर ती दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून खाली बसली. एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, हे आपल्या दोघींत. बाबांना दिलेला शब्द मी एखादे वेळी मोडला असता गं. आईला दिलेला होता, म्हणून मोडवेना. तिनं आयुष्यात माझ्याकडे तेवढंच मागितलं."

बाहेर जिन्यावर पावलं वाजली आणि वेल्डर दारात येऊन उभा राहिला. उंची मिळाली का, ड्रिल लावून ठेवलंय, असं त्याचं म्हणणं होतं.

भाचीनं आत्याकडे पाहिलं. "तू सांगशील तसं. नको म्हणालीस तर रविवारी एकही खांब उभा राहणार नाही. खोट्या उंचीचा मी लावणार नाही, आणि तुझ्या मनाविरुद्ध खऱ्या उंचीचाही नाही."

आत्यानं काच तिच्या हातात दिली. "कडेनं धर. मधे बोट लावू नकोस." मग वेल्डरकडे वळून सांगितलं, "छत्तिसावा सव्वापाचला घे. खाली आमची तिघांची नावं येतील, आई-बाबांची आणि माझं, पत्रा जरा रुंद लाव."

"आणि ते आठ, आजी? तुम्ही म्हणाल तर वर घेऊन टाकतो. लोकांना फार वाकावं लागेल हो."

"पावणेचारलाच ठेव," आत्या म्हणाली. "वाकू दे लोकांना."